ग्रॅनाइट कुठे संपतो आणि नाइस कुठे सुरू होतो? खडकांच्या तीन प्रकारांविषयी

पायवाट (धागाकर्ती)

खडकांचे तीन प्रकार आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केले आहेत. शिलारस थंड होऊन घट्ट झाला की अग्निज खडक, गाळ साचून त्याचा दगड झाला की गाळाचा खडक, आणि यांपैकी कोणताही खडक उष्णता व दाब यांमुळे बदलला की रूपांतरित खडक. परीक्षेपुरते एवढे पुरत असे. परंतु गेल्या आठवड्यात मुलीला हाच धडा समजावून सांगत असताना तिने एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तिचे म्हणणे असे, की उष्णतेने दगड वितळला तर पुढे तो अग्निज होणार आणि न वितळता नुसता बदलला तर रूपांतरित होणार. मग नेमक्या किती अंशांना त्याचे नाव बदलते?

तिच्या नमुन्यांच्या पेटीतले दोन तुकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा माझा गोंधळ आणखी वाढला. एकावर ‘ग्रॅनाइट’ आणि दुसऱ्यावर ‘नाइस’ अशी चिठ्ठी आहे, आणि दोन्हींत तेच पांढरट, राखाडी आणि काळे कण दिसतात. माल एकच, मग एक अग्निज आणि दुसरा रूपांतरित कसा? पुस्तकातले गोल फिरणाऱ्या बाणांचे चित्र मला ठाऊक आहे. ते चित्र जे सांगत नाही, ते जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अभ्रक

मुलीला शाबासकी द्या, कारण याच प्रश्नावर भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ वाद घालत होते. मी हा विषय पदवीला शिकलो आणि पुढे वेगळ्याच नोकरीत गेलो, पण भिंग मात्र अजून खिशात असते.

आधी पेटीतला ग्रॅनाइट दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा आणि उजेडात हळूहळू फिरवा. काही पांढरट किंवा गुलाबी कण एका विशिष्ट कोनात एकदम आरशासारखे चमकतील. ते फेल्डस्पार, कारण ते सपाट पृष्ठांवर फुटते. काळे, चकचकीत कण टाचणीने खरवडले तर त्यांचे पापुद्रे निघतील. ते बायोटाइट, म्हणजे काळे अभ्रक. उरलेले राखाडी, काचेसारखे, कोणताही ठरलेला आकार नसलेले कण म्हणजे क्वार्ट्झ. आता कोणाचा आकार कोणी बिघडवला आहे ते पाहा. फेल्डस्पारच्या कडा बऱ्याच ठिकाणी सरळ असतात आणि क्वार्ट्झ मात्र उरलेल्या जागेत कसेबसे मावलेले असते. याचा अर्थ फेल्डस्पार आधी, द्रवात मोकळी जागा होती तेव्हा वाढले आणि क्वार्ट्झ सर्वांत शेवटी आले. शिलारस पाण्यासारखा एका ठरावीक तापमानाला गोठत नाही. त्यातून एकेक खनिज क्रमाने बाहेर पडते, आणि हा क्रम नॉर्मन बोवेन यांनी १९२० च्या दशकात प्रयोगशाळेत भट्ट्या लावून दाखवला. आधी ऑलिव्हिन, मग पायरॉक्सिन, अँफिबोल, बायोटाइट आणि शेवटी पोटॅश फेल्डस्पार व क्वार्ट्झ असा तो क्रम ढोबळमानाने आहे. आधी तयार झालेले जड स्फटिक तळाशी बसले तर मागे उरलेल्या द्रवाचे रासायनिक घटक बदलतात, आणि त्यामुळे एकाच शिलारसापासून वेगवेगळे खडक होऊ शकतात.

कणांचा आकार ठरतो तो वेळेवर. जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकलेला शिलारस गोठायला लाखो वर्षे घेतो, म्हणून ग्रॅनाइटचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. पृष्ठभागावर आलेला बेसाल्टचा लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला असतो आणि त्या मानाने फारच लवकर थंड होतो, म्हणून बेसाल्टचे कण बारीक असतात. चिकट लाव्हा आणखी घाईने गोठला तर स्फटिक होण्याला अवसरच मिळत नाही आणि ऑब्सिडियन ही काच तयार होते.

आता नाइस हातात घ्या. खनिजे तीच आहेत, पण काळे अभ्रक एका दिशेने लोळवल्यासारखे पट्ट्यांत बसले आहे आणि क्वार्ट्झ-फेल्डस्पार वेगळ्या पट्ट्यांत. ‘आधी कोण, नंतर कोण’ ही ग्रॅनाइटमधली खूण इथे पुसली गेली आहे, कारण सगळे कण घन अवस्थेतच, एकमेकांना रेटत, एकाच काळात पुन्हा वाढले. माल एकच असला तरी मांडणी निराळी आहे, आणि खडकाची जात मांडणीवरून ठरते.

शंकासुर

अभ्रक यांचा प्रतिसाद आवडला, परंतु एका गोष्टीवर मी अडखळलो. पृथ्वीच्या कवचाखाली शिलारसाचा समुद्र आहे आणि जिथे भेग पडते तिथून तो वर येतो, असे मी आजवर समजत होतो. तसे असेल तर शिलारस मुळात तयारच आहे. तो ‘बनतो’ कसा हा प्रश्नच उरत नाही.

अभ्रक

@शंकासुर, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. कवचाखाली सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत जे प्रावरण आहे ते जवळजवळ संपूर्ण घन आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत त्या प्रावरणातून व्यवस्थित जातात, हा त्याचा थेट पुरावा आहे. द्रव आहे तो त्याखालचा बाह्य गाभा, आणि तो लोखंड-निकेलचा आहे. ज्वालामुखीतून तो बाहेर येत नाही.

प्रावरण तापलेले आहे, पण त्यावर वरच्या खडकांचा प्रचंड दाब आहे, आणि दाब वाढला की खडकाचा वितळणबिंदूही वाढतो. शंभर किलोमीटर खोलीवर तापमान १३०० अंशांच्या आसपास असूनही तेथील खडक घनच राहतो. तो वितळायचा तर काहीतरी बिघडावे लागते, आणि ते मुख्यतः दोन प्रकारे बिघडते. महासागरांच्या मधोमध जिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे प्रावरणाचा खडक वर सरकतो. तापमान फारसे उतरत नाही पण दाब झपाट्याने उतरतो, आणि खडकाचा थोडा अंश वितळतो. महासागरांचा तळ या पद्धतीने निघालेल्या बेसाल्टचा आहे. दुसरा प्रकार मला अधिक विलक्षण वाटतो. जिथे समुद्राखालचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली खचतो तिथे तो आपल्या खनिजांमध्ये बांधलेले पाणी खाली घेऊन जातो. खोलवर गेल्यावर ते पाणी सुटते, वरच्या तप्त प्रावरणात शिरते आणि त्याचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली आणते. अँडीज पर्वतातल्या किंवा जपानच्या ज्वालामुखींच्या मुळाशी हे समुद्राचे पाणी आहे. याखेरीज खालून आलेल्या बेसाल्टच्या उष्णतेने कवचाचा खडक वितळतो, हा तिसरा मार्ग. बराचसा ग्रॅनाइट त्यातून येतो.

आग विझवणारे पाणी दगड वितळवण्याच्या कामी येते, हे पहिल्यांदा ऐकताना मलाही पटले नव्हते.

नदीकाठ

पाण्याचा विषय निघालाच आहे तर गाळाच्या खडकांबद्दल लिहितो, कारण ‘गाळ साचला आणि दाबाने दगड झाला’ या एका वाक्यात त्यांची बोळवण केली जाते, आणि ते वाक्य अर्धेच खरे आहे.

सुरुवात विदारणापासून करावी लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. अभ्रक यांनी दाखवलेल्या ग्रॅनाइटमध्ये हे आम्ल फेल्डस्पारला हळूहळू पोखरते. त्याची चिकणमाती होते आणि सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातात. क्वार्ट्झला मात्र या आम्लाने जवळपास काहीच होत नाही. शेजारचे आधार गेले की ते सुटे होऊन वाहू लागते. बहुतेक वाळू क्वार्ट्झची का असते याचे उत्तर यात आहे. शिलारसातून सर्वांत शेवटी, सर्वांत कमी तापमानाला घडलेले खनिज पृष्ठभागावरच्या थंड, ओल्या परिस्थितीत सर्वांत जास्त टिकते, आणि सर्वांत आधी घडलेले ऑलिव्हिन सर्वांत लवकर कुजते. जन्मस्थळापासून जो जितका दूर आला तो तितका अस्वस्थ, असे म्हणा.

मग नदी चाळणीचे काम करते. प्रवाह जोरात असतो तिथे गोटे, मंदावतो तिथे वाळू आणि पाणी जवळजवळ थांबते तिथे चिखल बसतो. २ मिलीमीटरपासून मिलीमीटरच्या सोळाव्या भागापर्यंतच्या कणाला भूशास्त्रात वाळू म्हणतात आणि २५६ व्या भागाहून बारीक कणाला चिकणमाती. या आकारांवरूनच पुढे पिंडाश्म, वालुकाश्म आणि पंकाश्म अशी नावे पडतात.

आता दाबाचा मुद्दा. ताज्या चिखलात निम्म्याहून अधिक पाणीच असते आणि वरच्या थरांच्या ओझ्याने ते पिळून निघते, तेव्हा चिखलाच्या बाबतीत दाबाचे श्रेय खरे आहे. परंतु वाळू कितीही दाबली तरी तिचा खडक सहजी होत नाही, कारण तिचे कण आधीच एकमेकांवर टेकलेले असतात. वाळूला जोडद्रव्य लागते. कणांमधल्या फटींतून वाहणारे भूजल आपल्यात विरघळलेले कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाचे ऑक्साइड कणांच्या कडांवर सोडत जाते आणि सुटे कण एकमेकांना सांधले जातात. लाल वालुकाश्माचा रंग बहुधा कणांवरच्या आणि फटींतल्या या लोहाच्या लेपाचा असतो. आतला कण पारदर्शकच असतो.

सगळाच गाळ झिजेतून येतो असेही नाही. खडूचा दगड म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचा ढीग आहे. भूमध्य समुद्राच्या तळाखाली मिठाचा थर काही ठिकाणी एक किलोमीटरहून जाड आहे. सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी तो समुद्र अटलांटिकपासून बराचसा तुटला आणि आटत गेला, त्या काळातला तो थर आहे. समुद्र एकदाच आटला असता तर एवढे मीठ साचले नसते. म्हणजे खारे पाणी आत येत राहिले आणि उडून जात राहिले.

गारगोटी

सुरेख प्रतिसाद. एक शंका आहे. ज्वालामुखीची राख हवेत उडते, खाली पडते, थराथरांनी साचते आणि घट्ट होऊन तिचा टफ नावाचा दगड होतो. तो कोणत्या खणात ठेवायचा? माल अग्निज आहे आणि साचण्याची रीत गाळाची आहे.

नदीकाठ

वर जाताना अग्निज आणि खाली येताना गाळाचा, असे भूशास्त्रज्ञ गमतीने म्हणतात. बहुतेक वर्गीकरणांत त्याला अग्निजांच्या घरातच ठेवतात, पण तीच राख नंतर नदीने वाहून नेऊन दुसरीकडे टाकली तर तो निःसंशय गाळाचा खडक ठरतो. खण आपण केले आहेत, राखेला त्याचे काय!

शंकासुर

मूळ प्रश्न मात्र अजून लोंबकळत आहे: किती अंशांना नाव बदलते?

अभ्रक

तिकडेच येतो, पण वाटेत रूपांतरण नीट पाहावे लागेल.

कवचात साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी तापमान वाढते. चिखलाचा खडक गाडला जाऊन १५०-२०० अंशांच्या पुढे गेला की त्यातली खनिजे त्या परिस्थितीत टिकेनाशी होतात आणि त्यांच्यातले अणू घन अवस्थेतच नव्या मांडणीत बसू लागतात. प्रथम त्याचा पाटीचा दगड होतो. पाटीचा दगड ज्या पृष्ठांवर फुटतो ती मूळ गाळाच्या थरांची पृष्ठे नसतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. ती दाबाच्या दिशेला काटकोनात नव्याने वाढलेल्या अभ्रकाच्या सूक्ष्म पत्र्यांची असतात, आणि चांगल्या नमुन्यात जुने थर या फुटणाऱ्या पृष्ठांना तिरके छेदून जाताना पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. पुढे कण मोठे होऊन शिस्ट आणि त्याहून पुढे नाइस तयार होतो. म्हणजेच नाइस ग्रॅनाइटपासून होतो तसा चिखलापासूनही होतो.

जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हे चढते टप्पे नकाशावर मांडले. मुळात सारख्याच चिखलापासून झालेल्या खडकांत एका दिशेने चालत गेले तर क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट अशी खनिजे त्या क्रमाने हजेरी लावतात, असे त्यांना आढळले. यांतली कायनाइट आणि सिलिमनाइट, आणि त्यांचे तिसरे भावंड अँडालुसाइट, यांचे रासायनिक सूत्र अगदी एकच आहे. जास्त दाबाखाली कायनाइट, कमी दाबाखाली अँडालुसाइट आणि जास्त तापमानाला सिलिमनाइट अशी त्यांची वाटणी आहे, म्हणून ही तिघे खडकातला तापमापक आणि दाबमापक ठरतात.

यावर एक रास्त आक्षेप असा, की खोल जाताना खनिजे बदलली तर वर येताना ती उलट बदलून पुन्हा चिखल का होत नाही? उत्तर पुन्हा पाण्यातच आहे. तापत जाताना खनिजांत बांधलेले पाणी सुटते आणि फटींतून निघून जाते. त्याच पाण्याच्या आधाराने अणूंची ये-जा चाललेली असते. खडक वर येऊन थंड होऊ लागतो तेव्हा पाणी राहिलेले नसते, आणि कोरडी, थंड खनिजे आहेत तशीच अडकून पडतात. आल्प्समधल्या डोरा माइरा भागातल्या गार्नेटच्या आत १९८४ मध्ये कोएसाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचेच अतिदाबाखालचे रूप. कवचाचा खडक किमान ऐंशी-नव्वद किलोमीटर खोल जाऊन पुन्हा पृष्ठभागावर आला होता आणि गार्नेटच्या कुपीत त्याची साक्ष शिल्लक राहिली होती.

आता मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. एक आकडा नाही. भरपूर खोलीवर, पाणी उपलब्ध असेल तर ग्रॅनाइटसारख्या घटकांचा खडक सुमारे ६५० अंशांना वितळू लागतो. पूर्ण कोरडा असेल तर ९५० च्या पुढे जावे लागते. त्यामुळे ७५० अंशांना एक खडक अर्धवट वितळलेला असतो आणि शेजारचा कोरडा खडक ठणठणीत घन, शुद्ध रूपांतरित असतो. शिवाय खडक एका क्षणी सगळाच वितळत नाही. त्यातले क्वार्ट्झ-फेल्डस्पार आधी द्रव होतात आणि काळी खनिजे मागे राहतात. हा द्रव फार दूर न जाता तिथेच गोठला तर फिकट नागमोडी शिरा आणि गडद पट्टे एकमेकांत गुंतलेला मिग्मटाइट हा खडक तयार होतो. त्याच्या फिकट शिरा अग्निज आणि गडद पट्टे रूपांतरित, आणि दोन्ही एका तळहातावर मावतात.

गारगोटी

या वादाचा इतिहास थोडक्यात नोंदवतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस आब्राहाम व्हेर्नर यांच्या अनुयायांचे मत असे होते, की ग्रॅनाइट आणि बेसाल्टसुद्धा आदिम समुद्राच्या पाण्यातून साकळून तळाशी बसले. जेम्स हटन यांना ते मान्य नव्हते. १७८५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट येथे त्यांना गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा शेजारच्या जुन्या खडकात घुसलेल्या आढळल्या. जे घुसले ते कधीतरी द्रव असले पाहिजे आणि ज्यात घुसले त्याहून नवे असले पाहिजे, हे त्यातून उघड झाले.

त्यांचे मित्र जेम्स हॉल यांना हे भट्टीत तपासायचे होते, पण हटन यांना प्रयोगशाळेतल्या मुशीवरून पृथ्वीचा न्याय करणे रुचत नसे. १७९७ मध्ये हटन यांचे निधन झाल्यावरच हॉल यांनी प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. त्यांनी बेसाल्टसारखा खडक वितळवला. लगेच थंड केला तर काच झाली, सावकाश थंड केला तर पुन्हा स्फटिकमय दगड झाला. पुढे त्यांनी खडूची भुकटी बंदुकीच्या नळ्यांत घट्ट बंद करून तापवली. उघड्यावर तापवली असती तर कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन नुसता चुना उरला असता. बंद नळीत वायू कोंडून राहिला आणि आत संगमरवरासारखा स्फटिकमय दगड तयार झाला. काही नळ्या फुटल्याही.

पायवाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचनखूण साठवली आहेच. मुलीने सगळे ऐकून पुढचा प्रश्न तयार ठेवला आहे: तिन्ही प्रकार एकाच दगडात असू शकतात का?

अभ्रक

असू शकतात, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे आहे. तिथला पिंडाश्म सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी गोटे आणि वाळू साचून झाला, म्हणजे तो गाळाचा. नंतर तो गाडला जाऊन तापला, म्हणजे आज तो रूपांतरित आहे. आणि त्यातल्या वाळूत झिरकॉनचे जे सूक्ष्म कण आहेत ते त्याआधी शिलारसातून स्फटिकरूपाने घडले होते. त्यांतले सर्वांत जुने सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत आणि पृथ्वीवर घडलेले सर्वांत जुने ज्ञात खनिजकण म्हणून ते ओळखले जातात. झिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही, म्हणून आज त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातूनच आलेले असते आणि त्यावरून वय काढता येते. या कणांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, असाही निष्कर्ष काढला जातो, की ज्या शिलारसातून ते घडले त्याच्या मूळ खडकाचा पृष्ठभागावरच्या द्रव पाण्याशी संबंध आलेला होता.

पायवाट (धागाकर्ती)

तिने नाइसच्या तुकड्यावर नवी चिठ्ठी लावली आहे: ‘नाइस, पूर्वीचा ग्रॅनाइट’.

अभ्रक

तिथे प्रश्नचिन्ह टाकायला सांगा. तो पूर्वीचा चिखलही असू शकतो, आणि नुसत्या पट्ट्यांवरून ते कळत नाही. काळ्या पट्ट्यांत भिंगाने लालसर, गोलसर ठिपके शोधा. ते गार्नेट असतील आणि भरपूर असतील तर संशयाची सुई चिखलाकडे वळते, कारण गार्नेटला ॲल्युमिनियम लागते आणि चिकणमातीत ते मुबलक असते. हा पक्का पुरावा नव्हे, पण सुरुवात म्हणून पुरेसा आहे.

पायवाट (धागाकर्ती)

आत्ताच खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले. काळ्या पट्टीत सात ठिपके मोजले, आणि चिठ्ठीवरचा ‘ग्रॅनाइट’ तिने खोडून टाकला आहे.